केए पासिंगची गाडी कोल्हापुरात आणली: नंबर कधी बदलायचा आणि कर कुणाला द्यायचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझी समज चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. २०२१ मध्ये तुम्ही बेंगळुरूत ९ लाख ४० हजारांची पेट्रोल गाडी घेतली आणि तिथला आजीवन कर भरला. आठ महिन्यांपूर्वी बायको-मुलांसह कोल्हापूरला परत आलात. नोकरी तीच आहे, काम घरून चालतं, दोन-अडीच महिन्यांतून एकदा आठवडाभर बेंगळुरूला जावं लागतं. गाडीचे हप्ते अजून दीड वर्ष आहेत. परवा कागलजवळ गाडी अडवली आणि "बारा महिने झाले की जप्त होईल" असं ऐकवलं. एजंट म्हणतो आत्ताच नंबर बदला. मित्र म्हणतो अजिबात बदलू नका, वर्षातून एकदा बेंगळुरूची टोलची पावती दाखवली की बारा महिने नव्याने सुरू होतात. तुम्ही विचारताय, कुणाचं ऐकू?

मी बावीस वर्षं मोटार वाहन कायद्याची कामं करते. आमचा भाग सीमेवरचा, त्यामुळे केए २२, केए २३ आणि गोवा पासिंगच्या गाड्यांचे कागद माझ्या टेबलावर रोज असतात. त्या अनुभवातून सांगते की बारा महिने कधी भरतात हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. गाडी आता राहते कुठे, हा आहे. त्याचं उत्तर तुम्ही स्वतःच दिलंय: घर इथे, मुलांची शाळा इथे, पार्किंग इथे. ते एकदा मान्य केलं की पुढचा विचार फक्त पैशाचा आणि कागदांच्या क्रमाचा उरतो.

लोकांचा गोंधळ होतो तो इथे दोन वेगळे कायदे लागू असल्यामुळे. नोंदणी, लायसन्स, नंबर हे सगळं मोटार वाहन कायदा १९८८ या केंद्राच्या कायद्यात आहे. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत यांत्रिक वाहनांची ३५ वी नोंद आहे, तिच्या आधारावर हा कायदा उभा आहे. गाडीवरचा कर मात्र राज्यसूचीतल्या ५७ व्या नोंदीत येतो, म्हणजे तो राज्याचा विषय. महाराष्ट्रात त्यासाठी १९५८ चा मोटार वाहन कर कायदा आहे, कर्नाटकात १९५७ चा. तुमचा नंबर केंद्राच्या कायद्याने देशभर चालतो, पण तुमचा कर एका राज्याच्या तिजोरीत गेलाय. सगळा पेच या एका वाक्यात आहे.

आता केंद्राच्या कायद्यातली तीन कलमं. कलम ४६ सांगतं की कुठल्याही राज्यात झालेली नोंदणी भारतभर ग्राह्य आहे. म्हणजे केए नंबरची गाडी कोल्हापुरात दिसणं हा गुन्हा नाही. कलम ४७ सांगतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर त्या राज्याचा नवा नंबर घ्यायचा. त्याचा अर्ज नमुना २७ मध्ये, आणि नियम ५४ प्रमाणे बारा महिने संपल्यापासून तीस दिवसांत. कलम ४८ हे जुन्या आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी घेण्याबद्दल आहे, त्याचा अर्ज नमुना २८ मध्ये. याशिवाय पत्ता बदलला की तीस दिवसांत कळवायचं, हे कलम ४९ मध्ये आहे. ते जवळजवळ कुणीच करत नाही.

उशीर झाला तर काय? कलम ४७ खालचा दंड कलम १७७ च्या मर्यादेत राहतो, म्हणजे पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत. त्यामुळे तेरावा महिना लागला की गाडी उचलून नेतील, ही भीती या कलमातून येत नाही. खरं ओझं कराच्या बाजूला आहे. महाराष्ट्राचा कर कायदा "राज्यात वापरलेलं किंवा वापरासाठी ठेवलेलं वाहन" असा शब्दप्रयोग करतो. तिथे बारा महिन्यांची सवलत गृहीत धरू नका. मुक्काम कायमचा झाला की कराची जबाबदारी सुरू झाली, असंच खातं वाचतं, आणि थकबाकीवर व्याज चढतं. कर थकला म्हणून वाहन अडवून ठेवण्याचे अधिकारही कर कायद्यात आहेत. म्हणून बारा महिने ही नंबर बदलण्याची मुदत समजा, करमाफी समजू नका.

तुमच्या मित्राच्या सल्ल्याबद्दल स्पष्ट बोलते, कारण हा सल्ला मी दर महिन्याला ऐकते. कलमातला शब्द "ठेवणे" असा आहे. आठवडाभर गाडी बेंगळुरूला नेली म्हणून ती तिथे "ठेवली" असं होत नाही, ती तिथे फिरायला गेली. माझ्या मते एका फेरीने मोजणी पुन्हा सुरू होत नाही. ज्यांचं घर खरोखर दोन्हीकडे आहे, चार महिने इथे आणि आठ महिने तिथे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना मी नंबर बदलू नका असंच सांगते. तुमचं तसं नाही. शिवाय आता गाडी कुठे असते हे लपत नाही. एका अशिलाने मला "गाडी बेंगळुरूलाच असते" असं ठामपणे सांगितलं होतं. मी त्यांच्या फास्टॅगचं वर्षभराचं स्टेटमेंट काढायला लावलं. सगळे कोल्हापूर-पुणे रस्त्यावरचे टोलनाके: किणी, तासवडे, किणी, तासवडे, पुन्हा किणी. वर्षभरात कर्नाटकच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याची नोंद दोनदाच. सर्व्हिसिंगची बिलं कोल्हापूरची, विम्याच्या नूतनीकरणावर पत्ता कोल्हापूरचा. ते स्टेटमेंट वाचून ते स्वतःच म्हणाले, ताई, फॉर्म भरूया.

तेच स्टेटमेंट तुमच्या उपयोगाचंही आहे. तुम्ही आठ महिन्यांपूर्वी आलात हे सिद्ध करण्याची वेळ आली तर फास्टॅगच्या नोंदी, बेंगळुरूचं घर सोडल्याचा कागद, इथल्या शाळेची प्रवेश पावती हे एका पाकिटात घालून गाडीत ठेवा. महामार्गावर आरटीओच्या वायुवेग पथकाने किंवा वाहतूक पोलिसांनी अडवलं तर शांतपणे दाखवा. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये असलं तरी चालतं, मूळ कागदांचा आग्रह धरता येत नाही. दंड करायचाच असेल तर ई-चलन होऊ द्या. पावतीशिवाय रोख रक्कम देऊ नका, रक्कम कितीही छोटी असली तरी.

आता पैशाचं गणित. महाराष्ट्रात खासगी मालकाच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर किमतीप्रमाणे आहे: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, त्यापुढे १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के, म्हणून आरसीवर नाव कुणाचं आहे ते आधी बघा. तुमची गाडी नवी असती तर ९ लाख ४० हजारांवर ११ टक्क्यांनी १ लाख ३ हजार ४०० रुपये झाले असते. पण दुसऱ्या राज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे ही रक्कम कमी होत जाते, त्याचा तक्ता कायद्याच्या परिशिष्टात आहे. त्यामुळे प्रत्यक्ष भरायची रक्कम याहून बरीच खाली येईल. हिशोब मूळ किमतीवरून सुरू होतो, म्हणून मूळ इनव्हॉइस लागतं. आज बाजारात गाडीला काय भाव येतो याच्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरी बाजू परताव्याची. कर्नाटकाने आजीवन कर म्हणून तुमच्याकडून पुढच्या वर्षांचाही पैसा घेतलाय. गाडी कायमची राज्याबाहेर गेली की उरलेल्या वर्षांचा भाग मागता येतो. कर्नाटकातला आजीवन कर आपल्यापेक्षा चढा आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत परतावा ही किरकोळ रक्कम नसते. गोव्याहून येणाऱ्यांचं उलट होतं, तिथे कर कमी भरलेला असतो आणि इथे फरक अंगावर येतो. तुम्ही त्या मानाने बऱ्या जागी आहात. मात्र एक अडचण आहे. इथला कर आधी भरावा लागतो, तिथला परतावा नंतर मिळतो, आणि मधले महिने पैसा दोन्हीकडे अडकलेला असतो. एवढी रक्कम काही महिने बाजूला काढता येईल का, याचा विचार आधी करा.

बीएच नंबरबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. बीएच म्हणजे भारत मालिका, राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागत नाही अशी. ती ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने आली, १५ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. संरक्षण दल, केंद्र-राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम यांचे कर्मचारी, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीचे कर्मचारी तिला पात्र आहेत. डिसेंबर २०२२ पासून साध्या नंबरची गाडीही बीएचमध्ये नेता येते. कर दोन-दोन वर्षांचा: १० लाखांखाली ८ टक्के, १० ते २० लाख १०, त्यावर १२, डिझेलला दोन टक्के वाढीव, विजेवरच्या गाडीला दोन टक्के कमी, या दराच्या हिशोबाने. दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्यांसाठी ही उत्तम सोय आहे आणि मी त्यांना आवर्जून सुचवते. तुम्हाला सुचवणार नाही. तुम्ही गावी स्थिर झालाय. बीएचमध्ये दर दोन वर्षांनी कर भरायचं लक्षात ठेवावं लागतं. विकताना घेणारा पात्र नसेल तर त्याला राज्याचा कर भरून साधा नंबर घ्यावा लागतो, आणि तो ते पैसे तुमच्या किमतीतूनच कापतो. अर्थात कंपनी पुन्हा पुण्याला, हैदराबादला पाठवणार अशी चिन्हं असतील तर माझं मत बदलेल. ते तुम्हालाच माहीत.

विकायचा विचार असेल तर किती दिवसांत, यावर सगळं अवलंबून आहे. चार-सहा महिन्यांत विकणार असाल तर इथला कर भरू नका. एनओसी घेऊन थेट खरेदीदाराच्या नावावर नोंदवता येते, कर तो भरेल, किंमत तेवढी उतरेल. दोन वर्षं किंवा जास्त वापरणार असाल तर आत्ताच एमएच ०९ करून घ्या. मधल्या काळासाठी ठाम नियम नाही. माझा कल बदलून घेण्याकडे असतो, कारण परताव्याची रक्कमही गाडीच्या वयाबरोबर घटते. थांबलात तर दर वर्षी थोडा पैसा हातचा जातो.

आता प्रत्यक्ष काम. इथे क्रम चुकला की तीन महिन्यांचं काम वर्षभर चालतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी बेंगळुरूची थकलेली ई-चलनं बघा. आरटीओला एनओसी देताना चोरीची नोंद नाही ना, कर आणि इतर देणी बाकी नाहीत ना, हे तपासावं लागतं. सिग्नल तोडल्याचं पाचशे रुपयांचं जुनं चलन अख्खी फाइल थांबवतं, आणि महिनाभर कुणी कारण सांगत नाही. चलनं भरा, पावत्यांची छपाई काढून ठेवा.

मग बँक. आरसीवर कर्जाचा बोजा आहे, म्हणजे बँकेची लेखी संमती लागणार. कर्ज फेडेपर्यंत थांबायची गरज नाही, बोजा नव्या आरसीवर तसाच चढतो. फक्त राज्य बदलण्यासाठी बँकेने हरकत नाही असं लिहून द्यायचं असतं. कलम ५१ प्रमाणे बँकेने सात दिवसांत संमती द्यावी किंवा कारणासह नकार द्यावा, दोन्ही केलं नाही तर संमती मिळाली असं धरलं जातं. पण खिडकीवर "धरलं जातं" हे चालवून घेणं सोपं नाही. म्हणून अर्ज शाखेत समक्ष द्या, पोच घ्या, सातव्या दिवसानंतर त्याच पोचेचा संदर्भ देऊन ईमेल करा. ईमेलवर कलमाचा उल्लेख असला की पत्र बऱ्यापैकी लवकर निघतं, असा माझा अनुभव आहे.

तिसरा टप्पा एनओसीचा. अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा, कागद मूळ आरटीओकडे. नमुना २८ वर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लावावा लागतो, आणि सगळ्यात जास्त फाइली इथेच परत येतात. ते काम असं असतं: गाडीच्या पत्र्यावर जिथे नंबर कोरलेला आहे (काही गाड्यांत पुढच्या सीटखाली गालिचा उचलून, काहींत बॉनेटखाली) तिथे पातळ कागद धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी घासायची. अक्षरं पांढरी उमटतात, भोवती काळं. गेल्या पावसाळ्यात एका मास्तरांचा प्रिंट दोनदा परत आला, शेवटून चौथं अक्षर आठ आहे की इंग्रजी बी, हे कळेना. मी स्वतः गेले. गालिच्याखाली ओल धरून गंजाची पापडी आली होती. रॉकेलचा बोळा फिरवला, कोरड्या कापडाने पुसलं, दहा मिनिटं वाळू दिलं, मग घासलं. स्वच्छ आठ उमटला. चार प्रिंट एकदमच काढून ठेवले, कारण इथल्या तपासणीतही एक लागतो. तुम्हीही तसंच करा, आणि प्रिंट आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा.

कलम ४८ नुसार आरटीओने तीस दिवसांत एनओसी द्यावी किंवा लेखी कारण देऊन नाकारावी, काहीच कळवलं नाही तर ती दिली असं मानलं जातं. इथेही मानलेल्या एनओसीवर विसंबू नका, प्रत्यक्ष कागद हातात घ्या. एनओसी कोल्हापूर आरटीओच्या नावानेच आहे ना, ते बघून घ्या. पुण्याच्या नावाने काढलेली एनओसी इथे चालत नाही, ती बदलायला परत बेंगळुरू गाठावं लागतं. आणि एनओसी मिळाली की कपाटात ठेवू नका, त्याच महिन्यात पुढे जा.

कोल्हापुरात नमुना २७, पत्ताबदलाचा नमुना ३३, एनओसी, मूळ आरसी, इनव्हॉइस, चालू विमा, पीयूसी, इथल्या पत्त्याचा पुरावा, बँकेचं पत्र. मोटार वाहन निरीक्षक गाडी समक्ष बघतात, चेसिस-इंजिन नंबर जुळवतात. बाहेरून गॅस किट बसवलं असेल किंवा रंग बदलला असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर ते इथे अडतं. मग कर भरायचा, नंबर मिळतो. नव्या नंबराची उच्च सुरक्षा पाटी बसवावी लागते, जुनी केए पाटी ठेवून चालत नाही. जुन्या नंबराची पाटी काढल्याचा फोटो जपून ठेवा.

लायसन्सचं विचारलंत, ते सोपं आहे. कर्नाटकात काढलेलं लायसन्स भारतभर चालतं, बदलण्याची सक्ती नाही. फक्त पत्ता बदलून घ्या, पुढे नूतनीकरणाला त्रास होत नाही.

विमा कंपनीला नवा नंबर आणि पत्ता लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या, ती नोंद हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. अपघाताच्या दाव्यात नंबराचा घोळ निस्तरताना मी कुटुंबं दमलेली पाहिली आहेत. फास्टॅगही बँकेकडून नव्या नंबरावर आणा, नाहीतर टोलनाक्यावर टॅग आणि पाटी जुळत नाही.

शेवटी परतावा. नवी आरसी हातात आली की लगेच बेंगळुरूच्या त्याच आरटीओकडे अर्ज करा: आजीवन कराची मूळ पावती, एनओसीची प्रत, नव्या आरसीची प्रत, इथे कर भरल्याची पावती आणि बँक खात्याचा तपशील. रजिस्टर पोस्टाने पाठवा किंवा पुढच्या बेंगळुरूच्या फेरीत स्वतः देऊन पोच घ्या. तुमचं जाणं होतंच, ते करा, पोस्टापेक्षा समक्ष दिलेला अर्ज लवकर हलतो. पैसे यायला किती लागतील हे मी सांगणार नाही, तीन महिन्यांत आलेलेही पाहिलेत आणि दीड वर्ष लागलेलेही. गाडी विकण्याआधी हा अर्ज दाखल झालेलाच असू द्या. माझ्या एका अशिलाने नंबर बदलला, सहा महिन्यांत गाडी विकली आणि मग परतावा मागायला गेला. कागद नव्या मालकाच्या नावावर, पावती याच्या नावावर, आणि ते जुळवण्यात त्याचं एक वर्ष गेलं.

तर तुमच्यापुरतं: आठ महिने झालेत, चार उरलेत, आणि वरचं सगळं काम नीट चाललं तर साधारण तेवढाच वेळ खातं. एजंट घाई करतोय ती त्याच्या कारणाने, पण तारीख त्याची बरोबर आहे. या आठवड्यात चलनं आणि बँकेचा अर्ज एवढंच करा. आणि २०२१ चं इनव्हॉइस घरात कुठे आहे ते आज रात्रीच शोधा. सापडलं नाही तर शोरूमकडे प्रमाणित प्रत मागा, कारण शोरूम बंद पडल्यावर ती मिळवायला एका कुटुंबाला पाच महिने लागलेले मी पाहिलेत.